काट्याची स्क्रीन: रंगांचे गट आणि त्यांच्या भानगडी

२९ ऑगस्ट २०२४, गुरुवार

शेठचा निरोप आला. दसऱ्याला काट्याची पूजा आहे, त्याआधी नवी स्क्रीन बसलेली पाहिजे. धरणगावकडची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी. काटा तिथलाच, कापसाच्या गाड्या तोलायचा, आणि त्यावर बसतात आप्पा. काट्याचा प्रोग्राम मीच २०१८ साली लिहून दिलेला, सी शार्प भाषेत, विंडोज फॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या बनवायचा साधनसंच) वापरून, आणि तेव्हापासून दर हंगामात त्याला ठिगळ लावत आलोय. यंदाची मागणी शेठच्या मते अगदी साधी आहे: "गाडी कोणत्या टप्प्यावर आहे ते आप्पाला लांबून कळलं पाहिजे. रंग देऊन टाका."

टप्पे पाच. काटा रिकामा. भरलेली गाडी काट्यावर. कापूस खाली होतोय, ओलावा मोजायचा आहे. रिकामी गाडी परत काट्यावर. पावती छापून झाली. ज्या टप्प्याला ज्या खणांचं काम, ते उजळायचे आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं.

संध्याकाळी जुना कोड उघडला. एका फॉर्मवर, म्हणजे खिडकीवर, ७४ कंट्रोल: खण, लेबलं, बटणं वगैरे. 'बॅककलर' (मागचा रंग) शोधलं तर २१२ ठिकाणी सापडलं. वजन घेण्याचं बटण दाबलं की रंगाच्या चौदा ओळी, गाडी नंबर बदलला की नऊ, आणि त्या नवातल्या सहा आधीच्या चौदातल्याच. एका ठिकाणी एकाच लेबलाला लागोपाठच्या दोन ओळींत दोन रंग. लिहिणारा मीच, त्यामुळे शिव्या कोणाला द्याव्यात हाही प्रश्नच.

या वेळी भाच्याला सोबत घेतलंय. धुळ्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार येईल. त्याचा पहिला प्रश्न: "मामा, हे सगळं वेबमध्येच का नाही करत?" काट्यावरचा पीसी विंडोज ७ वर आहे, वजन पाठवणारा इंडिकेटर जुन्या सिरियल पोर्टवर आहे आणि तिथलं नेट आप्पाच्या मोबाइलचं आहे, एवढं सांगितल्यावर विषय संपला.

३ सप्टेंबर, मंगळवार

पोळा काल झाला, आज कामाला लागलो.

पहिला प्रयत्न कोणीही करेल तोच. फॉर्मच्या कंट्रोल्सच्या यादीवर लूप फिरवायचा आणि प्रत्येकाला रंग द्यायचा. चालवलं. ७४ पैकी ९ रंगले. भाचा म्हणाला लूप मध्येच थांबतोय. तो थांबत नव्हता. फॉर्मच्या यादीत फक्त थेट पोरं असतात, नातवंडं नसतात. आमचे बहुतेक खण ग्रुपबॉक्स नावाच्या चौकटीत, ग्रुपबॉक्स पॅनल नावाच्या मोठ्या चौकटीत, आणि ते पॅनल कुठे फॉर्मवर. फॉर्मला विचारलं तर तो नऊच जण सांगणार.

भाच्याला म्हटलं, लग्नाची पत्रिका नुसती घरच्या कर्त्याच्या नावाने दिली तर कर्ताच येतो. सगळं घर जेवायला हवं असेल तर चूलबंद आवतण द्यावं लागतं. त्याने ते मनावर घेतलं. संध्याकाळी कोड पाहतो तर स्वतःलाच हाक मारत खाली उतरणाऱ्या त्या फंक्शनचं नाव चक्क 'चूलबंद' ठेवलेलं, तेही देवनागरीत. सी शार्प देवनागरी नावं घेतो हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत वापरलं कधी नव्हतं. राहू दिलं.

चूलबंद आवतणात नको ते पाहुणेही येतात. भाव भरायच्या न्यूमरिक अपडाउनच्या पोटात आणखी दोन कंट्रोल लपलेले असतात, एक लिहायचा खण आणि एक वर-खाली बाणांची जोडी. त्यांनाही रंग गेला. खालच्या यादीचा ग्रिड तर आपल्या सरकपट्ट्याही पोरं म्हणून मिरवतो. ठरलं: पॅनल, ग्रुपबॉक्स, टॅब आणि टॅबची पानं एवढ्यांच्याच आत उतरायचं, बाकीच्यांचं दार बंद.

८ सप्टेंबर, रविवार

काल घरी गणपती बसले. आज दुपारभर एकच वाद: गट ओळखायचा कशावरून?

भाच्याची सूचना होती जातीवरून. सगळे टेक्स्टबॉक्स एक गट, सगळी लेबलं दुसरा, बटणं तिसरा. करायला सोपं, एका ओळीचं काम. करून पाहिलं. वजनाच्या टप्प्यात टेक्स्टबॉक्स पिवळे झाले, त्यात शेतकऱ्याचं नाव पिवळं, गाव पिवळं, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप ते वजन तसंच करडं. कारण काट्यावरचं चालू वजन मोठ्या लेबलात दिसतं, टेक्स्टबॉक्समध्ये नाही.

मग नावावरून. जुन्या फॉर्मवर 'टेक्स्टबॉक्स१७' आणि 'लेबल४२' अशी नावं आहेत. २०१८ च्या माझ्यावर आणखी काही लिहीत नाही.

मग टॅग. प्रत्येक कंट्रोलला टॅग नावाचा रिकामा खिसा असतो, त्यात काहीही ठेवता येतं. पण आमच्या खिशात आधीच माल होता: डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव. सेव्ह करताना प्रोग्राम तेच वाचतो. त्यात स्वल्पविराम देऊन गटाचंही नाव घालू, असं माझ्या तोंडून निघून गेलं. पोराने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

शेवटी जे केलं त्याने मी खूश आहे. फॉर्मवर टूलटिपचा (माउस नेला की दिसणाऱ्या टिपेचा) घटक टाकला की फॉर्म मांडायच्या डिझायनरमध्ये प्रत्येक कंट्रोलच्या गुणधर्मांत टूलटिपसाठी एक जादा रकाना उगवतो, तो मूळ कंट्रोलचा नसतो. आपल्यालाही तसा घटक लिहिता येतो, त्यासाठी एक्स्टेंडर प्रोव्हायडर नावाचा इंटरफेस आहे. तीसेक ओळींत झालं. आता कोणत्याही कंट्रोलवर क्लिक केलं की 'गट' असा रकाना दिसतो. कोणता कंट्रोल कोणत्या गटात आहे ते घटक स्वतःच्या डिक्शनरीत, म्हणजे जोड्यांच्या यादीत, ठेवतो, टॅगला हात लागत नाही.

गट सहा केले. ओळख, वजन, ओलावा, पैसे, पावती, आणि सहावा सजावट, म्हणजे शेठच्या आजोबांचा फोटो आणि वरची पाटी. सजावटीला कोणी हात लावायचा नाही.

पेच एकच पडला, निव्वळ वजनाचा. ते वजनात की पैशात? दोन्हीत टाकलं तर दोन रंग येणार आणि जो गट नंतर रंगेल तो जिंकणार, म्हणजे यादीच्या क्रमावर नशीब. एका कंट्रोलला एकच गट, हे पक्कं केलं. निव्वळ वजन पैशात गेलं, कारण आप्पा ते आकडे रकमेबरोबरच वाचतात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अक्षरांचा दिवस.

फॉन्ट, अक्षराचा रंग, मागचा रंग आणि कर्सर हे चार गुण विंडोज फॉर्म्समध्ये वारशाने येतात. कंट्रोलला स्वतःचा दिला नसेल तर तो आई-बापाचा घेतो. म्हणजे फॉर्मला एकदा फॉन्ट दिला की ७४ जणांना द्यायची गरज नाही, लूपही नको. हे मला तेव्हाच कळलं असतं तर २१२ मधल्या निम्म्या ओळी जन्मालाच आल्या नसत्या.

फॉर्मला मोठा फॉन्ट दिला. ४३ कंट्रोल मोठे झाले, ३१ हट्टाने बारीकच. डिझायनरची फाइल उघडली तर त्या ३१ जणांना कधीतरी हाताने मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ, सव्वाआठ पॉइंट, असं लिहून दिलेलं. मूळचा आपोआप येणारा फॉन्टही तोच, त्यामुळे इतकी वर्षं दिसण्यात फरक नव्हता. पण एकदा स्वतःचं मिळालं की पोरगं बापाचं ऐकत नाही. ३१ जणांचा फॉन्ट रीसेट केला, तेव्हा कुठे सगळे एका पंगतीत बसले.

उलटीही गंमत झाली. शेठना 'पैसे' या चौकटीचं शीर्षक लाल हवं होतं. ग्रुपबॉक्सच्या अक्षराचा रंग लाल केला तर आतली सगळी लेबलं लाल, तोच वारसा. आतल्या एका पॅनलला काळा रंग देऊन लेबलं त्यात हलवली आणि ती साखळी तिथे तोडली.

टेक्स्टबॉक्स यातही अर्धा फुटीर. फॉन्ट बापाचा घेतो, मागचा रंग मात्र घेत नाही, पांढराच राहतो. पॅनल निळं करा, लेबलं निळी होतात, लिहायचे खण पांढरे. पहिल्यांदा चूक वाटली, आता वाटतं बरंच आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

सुरत पॅसेंजरने धरणगाव, तिथून जिनिंगवर. हंगाम सुरू व्हायचाय, आवारात सामसूम, एक फिटर जिनच्या पट्ट्यांशी झटतोय. काट्याच्या खोलीतल्या पीसीवर नवी स्क्रीन टाकली.

आप्पांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचलं: "कापस?"

'कापूस' लिहिलं होतं. उकार गायब. त्याखाली 'एकूण' चं 'एकण'. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक होतं.

कारण सापडायला तास गेला. मी फॉन्ट दिला होता निर्मला यूआय. तो विंडोज ८ पासून येतो, आप्पांच्या विंडोज ७ वर नाहीच. फॉन्ट सापडला नाही म्हणून प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट्याने मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ घेतो. त्यात देवनागरी नाही, म्हणून विंडोज ती अक्षरं मंगलमधून उसनी आणतं. मंगलची ओळ उंच. माझ्या लेबलांची उंची लॅपटॉपवर बघून ठरवलेली, ऑटोसाइझ (मजकुराप्रमाणे आपोआप मोठं होणं) बंद. ओळीचा खालचा भाग लेबलाच्या बाहेर गेला आणि उकार तिथेच कापला गेला. कापसाच्या गिरणीत कापूसच अर्धा.

उपाय दोन. सुरुवातीलाच बसवलेले फॉन्ट तपासायचे, निर्मला असेल तर निर्मला, नसेल तर उघडपणे मंगल. आणि लेबलांना ऑटोसाइझ, निदान ज्यांच्यात उकार-ऊकार आहेत त्यांना. फॉन्टची वस्तू एकदाच तयार करून फॉर्मला दिली, प्रत्येकासाठी वेगळी नाही.

जेवायला शेठच्या घरून वरण-बट्टी आली होती. परतीची गाडी चुकली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नोंदलेल्या वजनाचा टेक्स्टबॉक्स, चालू वजनाच्या लेबलाहून वेगळा. आप्पांनी वजन हाताने बदलू नये म्हणून तो फक्त वाचायचा केलेला. भर वजन आल्यावर आकडे गडद निळे व्हायला हवेत. अक्षराचा रंग दिला, ढिम्म. परत दिला, ढिम्म. भाच्याने कुठूनसा तोडगा आणला: आधी मागच्या रंगाला त्याचाच मागचा रंग द्या. म्हणजे खणाला विचारायचं तुझा रंग कोणता, आणि तोच त्याला परत द्यायचा. मी हसलो. त्याने केलं. आकडे निळे झाले.

फक्त वाचायचा टेक्स्टबॉक्स विंडोजच्या लेखी लिहायच्या खणात मोडत नाही, स्थिर मजकुरात मोडतो, आणि मागचा रंग स्पष्ट दिल्याशिवाय अक्षराच्या रंगाला दाद मिळत नाही. कोडमध्ये ती ओळ वेड्यासारखी दिसते, म्हणून वर टीप लिहिली: 'काढू नये.'

बंद केलेल्या, म्हणजे एनेबल्ड काढून घेतलेल्या खणाचं तर अक्षर करडंच राहतं, तुम्ही कोणताही रंग द्या. म्हणून नियम केला: दिसण्यासाठी एनेबल्ड वापरायचं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

इंडिकेटर जोडून चाचणी. शेठची पिकअप, आत सरकीची पोती.

इंडिकेटर सेकंदाला कितीतरी वेळा वजन पाठवतो आणि मी प्रत्येक वेळी ७४ कंट्रोल रंगवत होतो. स्क्रीन लग्नातल्या लाइटिंगसारखी लुकलुकायला लागली. त्यात सिरियल पोर्टची घटना वेगळ्या थ्रेडवर (कामाच्या वेगळ्या धाग्यावर) येते, तिथून थेट कंट्रोलला हात लावला की प्रोग्राम अपवाद फेकू शकतो, म्हणजे चूक दाखवून अडतो. हे आधीच माहीत होतं, एकदा पोळलोय. काम बिगिन-इन्व्होकने मुख्य थ्रेडकडे सोपवलं.

लुकलुक थांबवायला आधी सस्पेंड-लेआउट लावून पाहिलं. काही फरक नाही, कारण ते फक्त मांडणी थांबवतं, रंगकाम नाही. मग विंडोजला थेट संदेश पाठवला, ११ क्रमांकाचा, 'आता रंगवू नकोस', आणि सगळे रंग देऊन झाल्यावर 'आता रंगव'. थांबली. पण मनाला पटेना. सेकंदाला दहादा पडदा टाकून भिंत रंगवायची कशाला?

जेवण झाल्यावर उलट बाजूने विचार केला. वजन बदलतं दर क्षणाला, टप्पा बदलतो एका गाडीत पाच वेळा. रंग टप्प्याचा आहे, वजनाचा नाही. टप्पा एका चलात ठेवला. नवं वजन आलं की टप्पा काढायचा, आधीचाच असेल तर फक्त आकडा बदलायचा आणि परत फिरायचं. रंगवायचं काम टप्पा खरोखर बदलला तरच. ११ क्रमांकाचा संदेश काढून टाकला, गरजच उरली नाही.

मग हमालांनी नवीन दाखवलं. काट्यावर गाडी नव्हती, चार जण प्लॅटफॉर्मवर बसून बिडी ओढत होते. २४५ किलो. स्क्रीन म्हणाली: भरलेली गाडी. एक जण उठला, वजन २०० च्या खाली, स्क्रीन म्हणाली: काटा रिकामा. तो परत बसला, परत गाडी. मी २०० किलोला एकच रेघ आखली होती. आता दोन आहेत: 'गाडी आली' म्हणायला ६०० च्या वर, 'गाडी गेली' म्हणायला १०० च्या खाली. मधल्या वजनाला आधीचा टप्पा कायम.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी होती, तरी लिहितोय, कारण कालचं विसरलो तर पुन्हा करेन.

पावती छापताना ओलाव्याचं पॅनल झाकायचं आणि नंतर परत दाखवायचं असं होतं. त्या पॅनलमधली काही लेबलं आधीपासूनच लपवलेली असतात, म्हणून मी हुशारी केली: झाकल्यानंतर प्रत्येक लेबलाची 'दिसतंय का' ही स्थिती नोंदवून ठेवली, आणि परत दाखवताना तीच त्यांना दिली. काल दुपारी आप्पांचा फोन: "भाऊ, हाई काय शे? बठ्ठं उडी गयं!"

पॅनल होतं, आत काहीच नव्हतं. दारात तीन गाड्या, हंगामाचा पहिला वेचा घेऊन आलेल्या. आप्पांनी पावत्या हाताने लिहिल्या.

व्हिजिबल हा गुण देताना एक अर्थ असतो, विचारताना दुसरा. देताना तो त्या लेबलापुरता. विचारताना विंडोज फॉर्म्स बापालाही बघतं: बाप झाकलेला असेल तर पोर 'दिसत नाही', असंच उत्तर येतं. मी झाकल्यावर विचारलं, सगळ्यांनी 'दिसत नाही' सांगितलं, मी ते लिहून घेतलं आणि नंतर इमानदारीने सगळ्यांना लपवलं. एनेबल्डचंही असंच. टॅबच्या न उघडलेल्या पानावरची पोरंही अशीच खोटं बोलतात.

झाकायच्या आधी विचारलं असतं तर सुटलं असतं, भाचा म्हणाला तसं. दोन ओळींची अदलाबदल. मी नाही केली. स्क्रीनला काहीही विचारायचंच नाही, असं ठरवलं. कोणता खण दिसावा, कोणत्या रंगात, हे टप्पा आणि ओलावा यांच्यावरून दर वेळी नव्याने काढायचं. स्क्रीन फळ्यासारखी, आपण लिहायचं, तिने दाखवायचं. हिशोब फळ्यावरून वाचायचा नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

दोघांनी मिळून तक्ता केला. आडवे टप्पे, उभे गट, प्रत्येक चौकोनात मागचा रंग, अक्षराचा रंग आणि दिसतो की नाही. असा:

भरगाडी, वजन: मागे गडद निळा, अक्षर पांढरं, दिसतो.
भरगाडी, ओलावा: मागे करडा, अक्षर काळं, दिसतो.
भरगाडी, पैसे: दिसत नाही.

अशा तीस ओळींपैकी सजावटीच्या पाच रिकाम्या, उरल्या पंचवीस. तक्ता डिक्शनरीत, आणि तो वाचून गटागटाने रंगवणारं फंक्शन एकच. बाकी कुठल्याही घटनेने रंगाला हात लावायचा नाही, फक्त टप्पा बदलून या फंक्शनला हाक मारायची. रात्री साडेअकरापर्यंत जुन्या ओळी खोडत होतो. शेतातलं तण काढल्याचं समाधान, पाठही तशीच दुखते.

एक बटणांचं राहिलं होतं. पावतीचं बटण हिरवं करून परत मूळ रंगावर आणलं की ते शेजारच्या बटणांपेक्षा चपटं दिसायचं. रंग तोच, पण बटण वेगळं. कोडमधून मागचा रंग दिला की बटण विंडोजची सजावट सोडून देतं, आणि करडा रंग देऊन ती परत येत नाही. त्यासाठी 'यूज व्हिज्युअल स्टाइल बॅककलर' वेगळं खरं करावं लागतं. तक्त्यात 'मूळ' असा एक रंग वाढवला, त्याचा अर्थ हाच.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काट्याला झेंडूचा हार, इंडिकेटरला हार, मॉनिटरलाही. गुरुजींनी कीबोर्डवरही अक्षता टाकल्या. मुहूर्ताची गाडी: भर ३,२४०, खाली १,७६०, निव्वळ १,४८० किलो. पाचही टप्पे बरोबर उजळले. शेठ खूश.

खिडकी पश्चिमेला आहे. चारच्या सुमारास ऊन थेट स्क्रीनवर आलं आणि माझा फिकट पिवळा दिसेनासा झाला. "माले पिवळं दखास नही, भाऊ," आप्पा म्हणाले. गेल्या साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं, पण खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हतं. फिकट रंग घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून निवडले होते. वेबवाल्यांचा एक मापदंड आहे, साध्या अक्षराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ असा उजेडाचा फरक हवा. अक्षरं त्यात बसत होती, पण इथे गंडलं ते अक्षर नव्हतं. पिवळा खण शेजारच्या पांढऱ्या खणापासून वेगळा कळत नव्हता. तक्त्यात सगळे गडद केले, आणि वर टप्प्याचं नाव मोठ्या अक्षरात: 'भरगाडी', 'ओलावा पहा', 'खाली गाडी'. रंग नाहीच दिसला तर वाचता येईल. बदल तक्त्यातल्या आठ ओळींचा, तिथेच बसून पंधरा मिनिटांत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी फोन. ओलावा ७ टक्के, तरी खणाच्या कोपऱ्यात लाल दिसतंय. तासभर कोड पाहिला, काही सापडेना. आप्पांना फोटो पाठवायला सांगितला. पूजेचं कुंकू होतं, मॉनिटरच्या काचेवर. तक्रार बंद.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी उरकली. जिनिंगवर यंदा सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदीही होणार, त्यामुळे ओलाव्याच्या खणाला दुसरा नियम हवा. शेठच्या स्वतःच्या खरेदीत ओलाव्याची कपात त्यांच्या अंदाजावर. सीसीआयचं मोजून: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, यंदाच्या २०२४-२५ हंगामात लांब धाग्याला ७,५२१ रुपये क्विंटल. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे १० टक्क्यांना ७,३७० रुपये ५८ पैसे. १२ च्या वर गाडी परत.

या खणाचा रंग चुकला तर शेतकऱ्याशी भांडण, म्हणून इथे घाई केली नाही. ओलावा गटाच्या तीन अवस्था केल्या: हिरवा 'चालेल', नारिंगी 'कपात', लाल 'परत'. नारिंगीत खणाच्या शेजारीच भाव किती झाला तो आकडा, म्हणजे शेतकऱ्यालाही खिडकीतून वाचता येईल. सीमेवरचे आकडे हाताने भरून पाहिले: ८.० हिरवा, ८.१ नारिंगी, १२.० नारिंगी, १२.१ लाल. १२.० ला पहिल्यांदा लाल आला, 'पेक्षा कमी' लिहिलं होतं, 'किंवा तेवढाच' राहून गेलं होतं. दुरुस्त केलं. एरवी एवढ्या बदलाला दोन दिवस गेले असते, आज चहाच्या आधी झालं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, काटा बंद. आज दुपारपर्यंत ४१ गाड्या, फोन एकही नाही. भाच्याने पुन्हा मोजलं: 'बॅककलर' आता ४ ठिकाणी, त्यातलं एक ते 'काढू नये' वालं.

आप्पांना विचारलं कसं वाटतंय. म्हणाले, "आते बरं शे." मग थोडं थांबून: रात्रीच्या पाळीला निळा फार डोळ्यांवर येतो, जरा मंद होईल का? म्हणजे तक्त्याचा दुसरा संच, रात्रीचा. रविवारी बघू.

दिवाणजींनी खात्याच्या खिडकीलाही असेच रंग मागितलेत. तिथे १३० कंट्रोल आहेत. नावं 'टेक्स्टबॉक्स१' पासून सुरू होतात.